पडवीतलं रजिस्टर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या पडवीत झोपाळ्याच्या शेजारी एक लाकडी स्टूल आहे. त्यावर लाल कापडी पुठ्ठ्याचं लांबट रजिस्टर असतं आणि त्याला सुतळीने बांधलेलं बॉलपेन. सुतळी नंतर आली. पहिल्या हंगामात ती नव्हती आणि मे महिना संपेपर्यंत अकरा पेनं गेली. पाहुणे चोर असतात असं मला मुळीच म्हणायचं नाही. नाव लिहायचं आणि पेन खिशाला लावायचं, हा हाताचा सराव असतो. पण अकरावं पेन गेल्यावर मी सुतळी शोधली, आणि गाठ मारताना मनात आलं, की आपण आता घरवाले राहिलो नाही, पोस्टमास्तर झालो.

दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण पाहुण्यांविषयी थोडं बोलणार आहे आणि येत्या हंगामातही ते यायला हवे आहेत. मी सत्तावीस वर्षं माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. नोकरीत असतानाच, २००९ च्या दिवाळीत, आम्ही माडीवरच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. निवास आणि जेवण, दोन्ही. स्वयंपाक माझा, बाजार यांचा, आणि पाहुण्यांची चौकशी करण्याचं खातं सासूबाईंकडे.

हा व्यवसाय लांबून फार सोपा दिसतो. फोनवर चार माणसं ठरलेली असतात. दुपारी तीनला यायची ती रात्री साडेनवाला येतात, कारण फोनमधल्या नकाशाने त्यांना खाडीच्या पलीकडच्या काठावर नेऊन उभं केलेलं असतं. गाडीचं दार उघडतं आणि सात जण उतरतात. "लहान मुलंच आहेत हो, त्यांचं काय धरायचं!" त्यातल्या एका लहान मुलाला मिसरूड फुटलेलं असतं. जुलैत येणाऱ्यांना ताजी सुरमई हवी असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या आहेत, हे सांगितलं तर ते माझ्याकडे अशा नजरेने बघतात, की जणू सुरमई मी फडताळात लपवून ठेवली आहे. पांढरी चादर समुद्रावर अंथरायला जाते आणि माशाच्या कालवणाची हळद घेऊन परत येते. मे महिन्यात आमच्या विहिरीचा तळ दिसतो, पंप जेमतेम वीस मिनिटं चालतो. त्याच दिवसांत एक गृहस्थ सकाळी नळी लावून गाडीच्या चाकांची वाळू धूत होते. मी माडीवरून बघत होते. खाली जाऊन बोलायचं की नाही, हे ठरेपर्यंत टाकी रिकामी झाली.

बोलायचं की नाही, इथेच सगळं अडतं. पाहुण्याला बोलायचं नसतं आणि गिऱ्हाइकाला बोललं तर चालतं. पण समोर उभा आहे तो कोण? आल्याबरोबर तो म्हणतो, "ताई, अगदी मामाच्या गावाला आल्यासारखं वाटतंय." जेवताना म्हणतो, "अजून एक सोलकढी मिळेल ना?" आणि निघताना म्हणतो, "घरचंच आहे, तर थोडं कमी करा की." मामाकडे पैसे देत नाहीत हे खरं. पण मामाकडे गेलं की विहिरीचं पाणीही शेंदावं लागतं, हे कुणाला आठवत नाही.

इतिहासाच्या शिक्षकाला एक खोड असते. वैताग आला, की तो जुनं काहीतरी उघडून बसतो. आपल्याकडे प्रवासाला निघालेला माणूस रात्री कुठे टेकत होता आणि त्याला जागा देणाऱ्याने त्याबद्दल काय काय सोसलं, हे मी गेली काही वर्षं जमेल तसं वाचते आहे. त्यातलं थोडं आज सांगणार आहे.

सुरुवात एका कायद्यापासून करते. इंग्रज सरकारने १८६७ साली सरायांसाठी कायदा केला. पैसे घेऊन वाटसरूंना जागा देणाऱ्याने आपल्या सरायीची नोंद करावी आणि तिथे काय काय पाळावं, हे त्यात सांगितलं आहे. खोल्या, ओसऱ्या, गटारं आणि विहीर साफ ठेवावी. कुणी साथीच्या रोगाने आजारी पडला, तर ताबडतोब पोलीस ठाण्यावर कळवावं. भिंती, छप्पर, दारं दुरुस्त ठेवावीत. पुरेसे राखणदार नेमावेत. दराचा तक्ता लोकांना दिसेल असा लावावा. आणि मला सर्वांत आवडलेलं कलम असं, की चोराला आत यायला किंवा बाहेर जायला उपयोगी पडेल अशी झाडं किंवा झाडांच्या फांद्या तोडून टाकाव्यात. हे न पाळणाऱ्याला वीस रुपयांपर्यंत दंड.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसले, मग उठून आमच्या कुंपणावरून रस्त्याकडे झुकलेल्या माडाकडे बघून आले. त्या माडावरून चोर कधी आला नाही. नारळ मात्र आला, तो एका पाहुण्याच्या गाडीच्या काचेवर. 'झाडाखाली गाडी लावू नये' ही पाटी तिथे होती. पाहुण्यांचं म्हणणं असं, की पाटीवर नारळाचा उल्लेख नव्हता. अर्धे पैसे आम्ही दिले. त्यानंतर पाटी बदलली.

या कायद्यात मला एक गोष्ट जाणवली. सरायवाल्याने काय करावं हे कलमामागून कलम लिहिलेलं आहे, उतरणाऱ्याने कसं वागावं याविषयी जवळजवळ काही नाही. सरकारचा संशय यजमानावर होता. त्यामागे कारणंही होती. वाटसरूंना लुटण्यात सरायवाले सामील असल्याच्या कहाण्या जुन्याच. पण कायदा करणाऱ्यांपैकी कुणी सरायीत चादरी धुतल्या असतील असं वाटत नाही.

साहेबलोक स्वतः सरायीत उतरत नसत. त्यांच्यासाठी डाकबंगले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मोठ्या रस्त्यांवर टप्प्याटप्प्याने ते बांधले गेले. दोन-तीन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे स्वयंपाकघर आणि तिथे एक खानसामा. चोवीस तासांनंतर नवा प्रवासी आला, तर आधीच्याने जागा खाली करायची, असा शिरस्ता होता. ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. आमच्याकडे बाराला खोली सोडायची असते आणि साडेबाराला आंघोळीचं गरम पाणी मागितलं जातं.

खानसाम्याची कोंबडी तर शब्दकोशात गेली आहे. यूल आणि बर्नेल या दोघांनी १८८६ साली 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश काढला. त्यात 'सडन डेथ', म्हणजे आकस्मिक मृत्यू, या नावाची एक नोंद आहे. प्रवासी आवारात शिरला की अंगणातली कोंबडी धरायची आणि तो आंघोळ करून कपडे बदलेपर्यंत ती ताटात आणायची, त्या पदार्थाचं हे साहेबी विनोदातलं नाव. कोशकारांना कोंबडीची गंमत वाटली. मला त्या खानसाम्याचं वाटतं. न कळवता, अवेळी येणारा माणूस. बाजार लांब. चूल विझलेली. आणि अर्ध्या तासात जेवण हवं. शिवाय डाकबंगल्यात एक वही असे. त्यात प्रवाशाने आल्या-गेल्याची वेळ लिहायची आणि शेवटच्या रकान्यात शेरा. पाहणीला येणारा अधिकारी तो शेरा वाचणार. खानसाम्याला उलट शेरा लिहायला रकाना नव्हता.

आज पाहुणे फोनवर तारे देतात. पाचापैकी दोन तारे देणाऱ्या एका कुटुंबाने लिहिलं होतं, की कोंबडा पहाटे फार ओरडतो. त्या कोंबड्याचा आकस्मिक मृत्यू व्हावा असं त्या दिवशी यांना वाटून गेलं, पण तो शेजाऱ्यांचा होता.

आता रजिस्टरातल्या पहिल्या रकान्याकडे येते. तो नावाचा. हा रकाना भरायला सर्वांत सोपा, असं आपल्याला वाटतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बालपणाचा काही काळ आमच्या दापोलीत गेला. १९१७ साली ते परदेशातलं शिक्षण घेऊन आले आणि बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू व्हायला निघाले. बडोद्यात उतरायचं कुठे? हिंदू हॉटेलात खरी ओळख सांगून जागा मिळणार नव्हती. शेवटी ते एका पारशी धर्मशाळेत गेले. तिथला रखवालदार म्हणाला, इथे फक्त पारशी उतरू शकतात आणि येणाऱ्याचं नाव रजिस्टरात लिहावं लागतं. तोडगा निघाला तो असा, की रजिस्टरात एक पारशी नाव लिहायचं. धर्मशाळेत दुसरं कुणी नव्हतं, रखवालदारालाही चार पैसे हवे होते. माडीवर अडगळीच्या सामानाने भरलेली अंधारी जागा, एक कंदील आणि वटवाघळं. अकराव्या दिवशी दहा-बारा पारशी हातात काठ्या घेऊन जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमध्ये बाबासाहेबांनी हे सगळं लिहिलं आहे. काठ्या घेऊन आलेल्यांपेक्षा मला त्यातले दोन मित्र जास्त आठवतात. त्या दिवशी ते आसऱ्यासाठी या मित्रांकडे गेले. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही नाही असं तोंडावर म्हटलं नाही. एक म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसऱ्याने बायकोला विचारावं लागेल असं सांगितलं. मुंबईची गाडी रात्रीची होती. तोवरचा वेळ त्यांनी एका सार्वजनिक बागेत बसून काढला.

हे मी तुम्हाला तटस्थपणे सांगू शकत नाही. २००९ च्याच डिसेंबरात पुण्याहून एका कुटुंबाचा फोन आला. दोन मोठी माणसं, दोन मुलं. मी नाव विचारलं, त्यांनी आडनावासह सांगितलं आणि मी ते सवयीने मोठ्याने म्हटलं. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली. मी फोनवर सांगितलं, "अहो, खोली भरली आहे." तिकडचे गृहस्थ क्षणभर थांबले आणि म्हणाले, "असू दे ताई." त्या थांबण्यावरून मला कळलं, की त्यांना कळलं आहे. ती खोली त्या रात्री रिकामी होती. रजिस्टरात त्या तारखेपुढे काही नाही. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह मी त्याही वर्षी वर्गात शिकवला होता, फळ्यावर नकाशा काढून. महाड आमच्यापासून काही फार लांब नाही.

सासूबाईंनी पुढेही आडनाव विचारणं सोडलं नाही. मी त्यांना खरं सांगणं सोडलं. कोण आलंय गं, असं त्यांनी विचारलं की मी मनाला येईल ते आडनाव सांगायची. बडोद्याचा तो रखवालदार आणि मी, दोघांनीही तेच केलं. सासूबाई २०१६ साली गेल्या. त्यांना माझी लबाडी कळली होती की नाही, ते त्यांनी कधी दाखवलं नाही. उलट बाजूने विचारणारे आजही आहेत. फोन येतो, दर ठरतो, आणि मग अगदी गोड आवाजात, "आणि स्वयंपाक कोण करतं? नाही, म्हणजे तुम्ही कोण?" मी म्हणते, मी निवृत्त शिक्षिका.

पैसे घेऊन जेवू घालणं मला नवं नव्हतं. माझं माहेर लालबागचं. वडील गिरणीत, आणि आई आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत खाणावळ चालवायची. कोकणातून आलेले, बायकामुलं गावी ठेवलेले सोळा गडी तिच्याकडे जेवत. राहायला ते गावाच्या गाळ्यात, वळकट्या एकावर एक रचून, आणि जेवायला आमच्याकडे. गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे पंगती बसत, त्यामुळे आमच्या घरात चूल कधी पूर्ण थंड व्हायची नाही. सगळे तिला मावशी म्हणत. महिन्याचा हिशेब पगाराच्या दिवशी. तक्रारी तिथेही होत्या. आमटी पातळ आहे, रविवारच्या मटणात त्याला दोन फोडी जास्त आल्या, भात आज आटपला कसा. आईचा एकच नियम होता, तक्रार पाटावर बसून करायची, हात धुतल्यावर नाही. हा नियम मला आमच्या पाहुण्यांना लावता आला असता तर किती बरं झालं असतं! ते तोंडावर "फर्स्ट क्लास" म्हणतात आणि घाट चढल्यावर तारे कापतात.

मुंबईतल्या अशा हजारो खाणावळवाल्या बायकांकडे कुणी व्यवसाय म्हणून बघितलंच नाही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा प्रथम या बायका एकत्र आल्या. गटाने एकमेकींची हमी घ्यायची आणि बँकेतून कर्ज काढायचं, म्हणजे वाण्याच्या उधारीतून आणि सावकाराच्या व्याजातून सुटायचं. आमच्या चाळीतल्या दोघीतिघींनी कर्ज काढलं. आईला बँकेची भीती वाटायची, ती गेली नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार बंद, म्हणजे खाणावळीचा हिशेब बंद. आईने पावसाळ्यापर्यंत चूल चालू ठेवली. वडीलही संपावर होते. तिच्या हातातल्या पाटल्या मोडल्या ते मला शाळेतून आल्यावर तिच्या हातांकडे बघून कळलं. मग एकेक जण गावी जायला लागला. काहींनी जाताना थोडं थोडं दिलं, काही सांगून गेले, काही न सांगताच गेले. आईची वही माझ्याकडे आहे. हिशेब फिटला की ती नावावर आडवी रेघ मारायची. शेवटच्या पानांवर नऊ नावांवर रेघ नाही. त्या नऊ जणांपैकी कुणाला तिने कधी नावं ठेवलेली मी ऐकली नाहीत, पण वहीही तिने फेकली नाही. त्यातली काही गावं आमच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर आहेत.

कोकणात घरी माणसं यायची ती याच मुंबईहून. पूर्वी बोटीने. हर्णैला बोट खोल पाण्यात नांगरायची आणि उतारू पडावात बसून किनाऱ्याला यायचे. मे महिन्यात आणि गणपतीत घर माणसांनी भरून जायचं. सासूबाई सांगायच्या, एकेका वेळी तीस पानं. पैशाचा प्रश्नच नव्हता, पण येणारा रिकाम्या हाताने येत नसे. साखर, चहापत्ती, बिस्किटांचा डबा, लुगडी. आणि तो आल्यावर कामालाही लागायचा, आंबे उतरवायचा, गडगा रचायचा. बोटी बंद झाल्या, एस.टी. आली, मग लोकांच्या स्वतःच्या गाड्या. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे सबंध मार्गावर सुरू झाली. पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेच्या पाट्या गावोगावी दिसू लागल्या. रेल्वे दापोलीला येत नाही, तिच्यासाठी खेडला जावं लागतं, पण कोकण बघायला जायचं असतं ही कल्पना मात्र सगळ्या किनाऱ्यावर पोचली. आमच्याकडे येणाऱ्याला आंबे उतरवता येत नाहीत. आंब्याबरोबर फोटो काढता येतो.

दरवर्षी मे संपला की मी जाहीर करायची, आता पुरे. खोल्यांना कुलूप. माझी पेन्शन आहे, वाडी आहे, कशाला हा ताप? २०२० च्या मार्चपासून टाळेबंदीमुळे तर खोल्या आपोआपच बंद होत्या. आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. सकाळी पत्रे उडायला लागले, दुपारपर्यंत वाडीतून आकाश दिसायला लागलं. यांच्या आजोबांनी लावलेल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या होत्या. जी उभी होती ती कमरेत मोडलेली. वीज यायला आठवडे लागले. पोफळ नव्याने लावली, तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. यांचं वय तेव्हा सदुसष्ट. तरी त्यांनी त्याच पावसात रोपं लावली आणि माडीच्या कौलांची डागडुजी आधी करून घेतली. मला ते काही बोलले नाहीत. मी समजले. हिवाळ्यात रस्ते मोकळे झाल्यावर पहिला फोन आला तेव्हा मी दर सांगितला, आणि पलीकडून "थोडं कमी करा की" असं आलं. मला इतकं बरं वाटलं, की मी शंभर रुपये कमी केले.

त्या रोपांपैकी काहींना आता सुपारी दिसू लागली आहे. परवा झोपाळ्यावर बसून हे म्हणाले, "आणखी दोन वर्षांनी वाडी तुला पोसेल. मग खोल्या बंद करायच्या का?" मी म्हटलं, "बघू." इतक्यात फोन वाजला. नाशिकचं कुटुंब, शनिवार-रविवार, चार माणसं. त्यांनी नाव सांगितलं, मी रजिस्टरात लिहिलं. समुद्र खोलीतून दिसतो का, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, दिसत नाही, रात्री ऐकू येतो.

शनिवारी संध्याकाळी मी भाकऱ्यांसाठी तांदळाचं पीठ काढलं, ते सात माणसांचं.